लोखंडाच्या शेजारची सुई : चुंबकीय मापनातील भरपाईचा इतिहास

चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या साधनाला पृथ्वीचे क्षेत्र कोणते आणि शेजारच्या लोखंडाचे कोणते, हे ओळखता येत नाही. होकायंत्राची सुई दोहोंची बेरीज दाखवते. त्यात पृथ्वीचे क्षेत्र मुळातच दुबळे : विषुववृत्ताच्या पट्ट्यात सुमारे ३०,००० नॅनोटेस्ला, ध्रुवांकडे ६०,०००च्या आसपास. एखादी तोफ, एखादे इंजिन, कधी कधी निरीक्षकाच्या खिशातला चाकूसुद्धा सुईला वाट चुकवायला पुरेसा असतो. त्यामुळे हे मापन अचूक करण्यासाठी गेल्या पाचशे वर्षांत जी खटपट झाली, तिचा मोठा भाग साधनाभोवतीच्या लोखंडाचा हिशेब मांडण्यात खर्ची पडला. लोखंडाचा परिणाम उलट दिशेच्या चुंबकाने मारून टाकायचा, तो तसाच राहू देऊन आकड्यांतून वजा करायचा, नाहीतर साधनच लोखंडापासून लांब न्यायचे, या तीन वाटांनी हा हिशेब होत आला आहे. कोणती वाट धरावी यावरून एकोणिसाव्या शतकात कडाक्याचे वाद झाले.

या अडचणीची पहिली स्पष्ट नोंद गोव्याला येणाऱ्या एका पोर्तुगीज जहाजावर झाली. १५३८ साली लिस्बनहून निघालेल्या जुआंव द कास्त्रो याच्याकडे गणितज्ञ पेद्रो नुनिश याने सुचवलेले एक उपकरण होते. सूर्याच्या सावलीवरून खरी उत्तर दिशा काढायची आणि सुईने दाखवलेली दिशा तिच्याशी ताडून पाहायची, असे त्याचे काम. खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांतल्या कोनाला दिक्पात म्हणतात. त्या काळी दिक्पातावरून रेखांश काढता येतील अशी अनेकांना आशा होती. द कास्त्रोने चिकाटीने वेध घेतले; पण मोझांबिकजवळ ऑगस्ट महिन्यात त्याचे आकडे एकमेकांशी जुळेनात. शोध घेतल्यावर जवळच असलेल्या तोफेकडे त्याचे लक्ष गेले. पुढे कोकण किनाऱ्यावर, वसईच्या परिसरात, त्याला दुसरा अनुभव आला : तिथल्या खडकांजवळ सुई वेगळेच दाखवू लागली. दख्खनच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते हे आज शाळकरी मुलांनाही सांगितले जाते. द कास्त्रोने ते सुईच्या वागणुकीवरून ताडले. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ साली गोव्यातच वारला. त्याच्या वह्यांमधले हे निरीक्षण मात्र नौकानयनाच्या रोजच्या व्यवहारात उतरले नाही. जहाजे लाकडी होती, लोखंड थोडे होते आणि सुई चार-दोन अंशांनी चुकली तरी कप्तान दोष प्रवाहाला किंवा नकाशाला देत.

दोनशे साठ वर्षांनी हा धागा पुन्हा हाती धरला तो मॅथ्यू फ्लिंडर्सने. १८०१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे जहाज घेऊन तो ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची मोजणी करायला निघाला. किनाऱ्याचा नकाशा सुईच्या भरवशावर काढायचा होता, म्हणून तिची बारीकशी चूकही त्याला खुपत होती. त्याच्या लक्षात आले की एकाच ठिकाणी उभे राहून घेतलेला दिक्पात जहाजाचे तोंड पूर्वेला असताना एक येतो आणि पश्चिमेला असताना दुसरा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असले की चूक नाहीशी होते. पूर्व-पश्चिम असले की सर्वांत जास्त. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची होती. उत्तर गोलार्धात सुईचे उत्तर टोक जहाजाच्या पुढच्या भागाकडे ओढले जाई, तर दक्षिण गोलार्धात ते तिकडून दूर ढकलले जाई.

याचे कारण त्याने बरोबर हेरले. जहाजातले उभे लोखंड, म्हणजे खांब, कांबी, डेकच्या खालचे आधार, हे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उभ्या घटकामुळे तात्पुरते चुंबक बनते. उत्तर गोलार्धात या घटकाची दिशा खाली असते, दक्षिण गोलार्धात वर. म्हणून लोखंडाच्या वरच्या टोकाचा ध्रुवही उलटतो. चुंबकीय विषुववृत्तावर उभा घटक शून्य होतो आणि चूकही जवळपास मावळते. म्हणजे सुईची ही चूक लहरी नव्हती. जहाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि त्या ठिकाणी सुई किती झुकते, या दोन गोष्टी कळल्या की चूक आधीच सांगता येत होती. परतीच्या वाटेवर १८०३ साली फ्लिंडर्स मॉरिशसमध्ये फ्रेंचांच्या कैदेत सापडला आणि सुटायला १८१० उजाडले. त्या कैदेतूनच त्याने आपले निष्कर्ष लिहून पाठवले; ते १८०५ साली रॉयल सोसायटीत वाचले गेले. सुटकेनंतर १८१२ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर त्याने प्रयोग करून घेतले आणि उपायही सुचवला : होकायंत्राजवळ लोखंडाची एक उभी कांब अशी बसवायची, की जहाजातले उभे लोखंड सुईला जितके ओढते तितकेच कांब तिला उलट ओढील. कांब नरम लोखंडाची असल्यामुळे गोलार्ध बदलला की तिचाही ध्रुव आपोआप बदलणार. चुकीचे कारण ज्या नियमाने बदलते त्याच नियमाने बदलणारी भरपाई, ही कल्पना इथे पहिल्यांदा दिसते आणि या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना हीच आहे. फ्लिंडर्स १८१४ साली वारला. कांब साठ वर्षे अडगळीत पडली.

मधल्या काळात वुलिचच्या लष्करी अकादमीतले पीटर बार्लो यांनी होकायंत्राजवळ लोखंडी तबकडी बसवण्याची युक्ती काढली. लाकडी जहाजांवर ती काही प्रमाणात चालली. पण जहाजेच लोखंडाची होऊ लागली तेव्हा सगळे माप बदलले. १८३८ साली ग्रिनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांच्याकडे ‘रेनबो’ नावाची लोखंडी आगबोट तपासायला आली. डेप्टफर्डच्या गोदीत ती हळूहळू पूर्ण गोल फिरवून प्रत्येक दिशेला सुईची चूक मोजली, तेव्हा एका जागी ती सुमारे ५० अंश भरली. इतक्या चुकीने जहाज पूर्वेला चालले आहे की ईशान्येला, हेसुद्धा कळत नाही.

एअरींनी या चुकीची दोन भागांत फोड केली. लोखंडात बांधणीच्या वेळीच मुरलेले चुंबकत्व हे जहाजाबरोबर फिरते. जहाज एक पूर्ण फेरी घेते तेव्हा त्याच्यामुळे येणारी चूक अर्ध्या फेरीत एका बाजूला आणि अर्ध्या फेरीत दुसऱ्या बाजूला असते. आडव्या नरम लोखंडात पृथ्वीच्या क्षेत्रामुळे तात्पुरते येणारे चुंबकत्व मात्र दर पाव फेरीला बाजू बदलते. दोन चुकांची चाल वेगळी असल्यामुळे त्या वेगळ्या काढता येतात आणि वेगवेगळ्या औषधांनी बऱ्याही करता येतात. मुरलेल्या चुंबकत्वाला कायम चुंबक, तात्पुरत्याला नरम लोखंड.

ही दुरुस्ती करण्याची रीत साधी होती. होकायंत्राच्या बरोबर खाली डेकवर खडूने दोन रेघा आखत, एक जहाजाच्या लांबीच्या दिशेने आणि दुसरी तिला काटकोनात. जहाजाचे तोंड उत्तरेला आणून आडवा ठेवलेला चुंबक रेघेवरून पुढेमागे सरकवायचा, सुई बरोबर उत्तर दाखवीपर्यंत. मग तोंड पूर्वेला आणायचे आणि लांबीच्या दिशेने ठेवलेला चुंबक तसाच सरकवायचा. शेवटी जहाज ईशान्येसारख्या मधल्या दिशेला वळवून होकायंत्राच्या बाजूला लोखंडी साखळ्यांनी भरलेली पेटी जवळ-लांब करायची. तिन्ही जागा ठरल्या की खिळे ठोकून सर्व पक्के करायचे. व्यापारी जहाजांच्या मालकांना ही रीत पसंत पडली, कारण एकदा दुरुस्ती झाली की सुकाणूवरच्या माणसाला कोणतेही गणित करावे लागत नसे. सुई दाखवते ती दिशा.

रीतीत एक खोट होती आणि ती फ्लिंडर्सचे लिखाण नीट वाचणाऱ्याला दिसली असती. उभ्या नरम लोखंडामुळे येणारी चूकही अर्ध्या-अर्ध्या फेरीचीच असते. लिव्हरपूलच्या बंदरात उभ्या जहाजावर ती मुरलेल्या चुंबकत्वाच्या चुकीत इतकी मिसळून जाते की दोन्ही वेगळ्या ओळखता येत नाहीत. एअरींचा कायम चुंबक दोहोंची एकत्र भरपाई करी. जहाज दक्षिणेकडे निघाले की उभ्या लोखंडाचा वाटा घटे, विषुववृत्ताजवळ संपे, पुढे उलटे. डेकवर ठोकलेला चुंबक मात्र लिव्हरपूलइतकाच जोर लावत राही. बंदरात बिनचूक असलेली सुई केप ऑफ गुड होपपाशी चुकीची होई, आणि ती चूक चक्क दुरुस्तीमुळे आलेली असे.

दुसरी खोट विल्यम स्कोर्सबी यांनी दाखवली. व्हेलच्या शिकारीवर जाणारा कप्तान, पुढे धर्मोपदेशक झालेला हा माणूस लोखंडाच्या चुंबकत्वावर वर्षानुवर्षे प्रयोग करत होता. त्यांचे म्हणणे असे की, जहाज गोदीत ज्या दिशेला तोंड करून बांधले जाते त्या दिशेचा ठसा हजारो रिव्हेटांवरच्या हातोड्यांच्या घावांनी लोखंडात उमटतो. पण असा ठसा पक्का नसतो. समुद्रावर वेगळ्या दिशेला तोंड करून लाटांचे तडाखे खाल्ले की त्यातला काही भाग पुसला जातो आणि नवा ठसा उमटतो. बंदरात बसवलेल्या चुंबकांना याची गंधवार्ता नसते. २१ जानेवारी १८५४ रोजी ‘टेलर’ हे कोरे लोखंडी जहाज लिव्हरपूलहून मेलबर्नच्या पहिल्याच सफरीवर असताना डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर आपटले आणि तीनशेहून अधिक माणसे बुडाली. जहाजावरची होकायंत्रे एकमेकांशी जुळत नव्हती; जहाज आयरिश समुद्रातून दक्षिणेला चालले आहे अशा समजुतीत ते पश्चिमेला, आयर्लंडच्या किनाऱ्याकडे, जात राहिले. अपघाताला इतरही कारणे होती, खलाशी अपुरे आणि नवखे होते. पण होकायंत्राचा प्रश्न त्यानंतर विद्वानांच्या बैठकीपुरता राहिला नाही. त्याच वर्षी लिव्हरपूलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात स्कोर्सबींनी एअरींच्या रीतीवर उघड टीका केली आणि एअरींनी तिला छापील उत्तर दिले. १८५६ मध्ये साठी उलटून गेलेले स्कोर्सबी स्वतः ‘रॉयल चार्टर’ या लोखंडी जहाजाने ऑस्ट्रेलियाला जाऊन आले. दक्षिण गोलार्धात जहाजाच्या वरच्या भागाचे चुंबकत्व उलटलेले त्यांना प्रत्यक्ष मोजता आले. त्यांचा उपाय सरळ होता : एक होकायंत्र डोलकाठीवर, लोखंडापासून जमेल तितके उंच बसवा आणि खालचे त्याच्याशी ताडून पाहत जा.

ब्रिटिश नौदलाची रीत एअरींच्या उलट होती. नौदलाचे प्रमाण होकायंत्र जहाजावर लोखंडापासून लांबची जागा शोधून बसवत, त्याच्याजवळ कोणताही चुंबक ठेवत नसत. जहाज फिरवून प्रत्येक दिशेची चूक एका तक्त्यात लिहीत आणि सुईच्या आकड्यातून ती वजा करत. या रीतीला गणिताचा पाया दिला तो आर्चिबाल्ड स्मिथ यांनी. धंद्याने वकील, बुद्धीने गणिती असलेल्या स्मिथ यांनी फ्रेंच गणितज्ञ प्वासाँ यांच्या समीकरणांतून कामाला येईल असे सूत्र काढले. कोणत्याही दिशेची चूक पाच गुणांकांत मांडता येते : एक स्थिर, दोन अर्ध्या फेरीचे, दोन पाव फेरीचे. नौदलाच्या होकायंत्र विभागाचे प्रमुख फ्रेडरिक एव्हन्स यांच्याबरोबर त्यांनी १८६२ साली नौदलासाठी जी पुस्तिका तयार केली, तिच्यामुळे साध्या अधिकाऱ्यालाही मोजक्या निरीक्षणांवरून पाचही गुणांक काढता येऊ लागले. वेगवेगळ्या अक्षांशांवर पुन्हा मोजले की मुरलेले चुंबकत्व किती आणि उभ्या लोखंडाचे किती, हेही सुटे होई. एअरींनी गोदीत जी गाठ सोडवली नव्हती ती अशी प्रवासात सुटत होती.

दोन्ही पक्षांत कोणाचे बरोबर होते? चुकीचे कारण समजून घेण्यात स्मिथ आणि एव्हन्स पुढे होते यात शंका नाही. पण तक्ता कितीही अचूक असला तरी ५० अंश चुकणारी सुई निव्वळ वजाबाकीने वापरण्याजोगी होत नाही. कारण जहाजाचे क्षेत्र काही दिशांना पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध उभे राहते, तिथे सुईला ओढणारे बळच उरत नाही. ती सुस्तावते, जहाज वळले तरी जागची हलत नाही. आधी उलट चुंबकाने चूक लहान करायची आणि मग उरलेली तक्त्यात लिहायची, हाच व्यवहार्य मार्ग होता. चिलखती युद्धनौका आल्यावर नौदलालाही तो मान्य करावा लागला.

हा मार्ग एका साधनात उतरवला ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी. ‘गुड वर्ड्‌स’ या मासिकाने त्यांच्याकडे होकायंत्रावर लेख मागितला होता. पहिला लेख १८७४ मध्ये आला. लिहिताना त्यांना जाणवले की या विषयातले आपल्याला पुरेसे कळत नाही. दुसरा लेख यायला १८७९ उजाडले आणि मधल्या काळात, १८७६ साली, त्यांनी नव्या होकायंत्राचे पेटंट घेऊन टाकले होते.

तोवरच्या होकायंत्रांत लांब, जड सुया असत. जड म्हणजे स्थिर, अशी समजूत. थॉमसन यांनी दहा इंच व्यासाच्या कागदी चकतीला ॲल्युमिनियमची कड लावली, रेशमी दोऱ्यांनी ती ताणली आणि त्या दोऱ्यांवर आठ बारीक, आखूड सुया टांगल्या. सगळ्याचे वजन जेमतेम ११ ग्रॅम. सुया आखूड करण्यामागे भरपाईचा विचार होता. पाव फेरीची चूक मारायला होकायंत्राच्या दोन्ही अंगांना नरम लोखंडाचे गोळे बसवायचे, तर लांब सुईच्या टोकांना ते जवळ पडतात आणि मधल्या भागाला लांब. भरपाई सगळीकडे सारखी होत नाही. शिवाय जोरदार सुई स्वतःच गोळ्यांत चुंबकत्व निर्माण करते. आखूड, हलक्या सुयांना या दोन्ही तक्रारी लागू होत नाहीत. मग साधारण आकाराचे गोळे पुरतात आणि एकदा जुळवले की कोणत्याही समुद्रात पुन्हा हलवावे लागत नाहीत, कारण चूक आणि भरपाई दोन्ही पृथ्वीच्या त्याच आडव्या घटकावर जगतात.

होकायंत्राच्या लाकडी खांबात कायम चुंबकांसाठी आडवे कप्पे केले, म्हणजे प्रवासात ते बदलता येत. जहाज कलले की येणाऱ्या चुकीसाठी खांबाच्या मधोमध साखळीला एक लहान बादली टांगली. तिच्यात उभे चुंबक ठेवून ती वर-खाली करायची. आणि खांबाच्या पुढच्या बाजूला पितळी नळीत नरम लोखंडाची उभी कांब उभी केली. तिला थॉमसन यांनी फ्लिंडर्सचे नाव दिले. आजही खलाशी तिला फ्लिंडर्स बार म्हणतात. ब्रिटिश नौदलाने हे होकायंत्र १८८९ साली प्रमाण म्हणून स्वीकारले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जायरोकंपास आला, त्याला लोखंडाची बाधा नाही. तरी थॉमसन यांच्या खांबाची रचना मूळ रूपात टिकून राहिली.

वेधशाळांची गरज जहाजांपेक्षा कितीतरी नाजूक. तिथे दिशा नव्हे, तर क्षेत्रातला दिवसभराचा बारीक चढउतार मोजायचा असतो, आणि हा चढउतार एकूण क्षेत्राच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासचा असतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी १८४१ पासून होऊ लागल्या. २ सप्टेंबर १८५९ च्या मोठ्या चुंबकीय वादळात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची कुलाब्याची नोंद सौरवादळांच्या अभ्यासकांना आजही आधाराला लागते. अशा मापनात लोखंडाइतकाच त्रास उष्णतेचा. टांगलेला चुंबक तापला की त्याचा जोर थोडा कमी होतो आणि क्षेत्रच कमी झाल्यासारखे दिसते; पुन्हा ऊन आणि चुंबकीय चढउतार दोन्ही सूर्याच्याच चालीने चालतात, त्यामुळे चूक खऱ्या नोंदीत बेमालूम लपते. यावर दोन उपाय करत. चुंबक मुद्दाम कमी-जास्त तापवून दर अंशाला त्याचा जोर किती घटतो हे काढायचे आणि प्रत्येक नोंदीतून तेवढे वळते करायचे. किंवा खोलीच अशी बांधायची की आतले तापमान दिवसभर हलू नये.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परत जाताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि त्याचे क्षेत्र वाहतुकीबरोबर क्षणोक्षणी बदलते. अशा चुकीची ना चुंबकाने भरपाई होत, ना तक्त्याने. उरली तिसरी वाट. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर मूस यांनी चुंबकीय विभाग समुद्रापलीकडे अलिबागला नेला. तिथली इमारत चुंबकीय गुणधर्म नसलेल्या पोरबंदरच्या दगडात बांधली आणि नोंदयंत्रांच्या खोलीतले तापमान दिवसभरात जवळपास स्थिर राहील अशी भिंतींची योजना केली. कोकणातला काळा कातळ, ज्याने द कास्त्रोच्या सुईला फसवले होते, या भिंतींत वापरला नाही. एप्रिल १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांच्या क्षेत्रांत जो कायमचा फरक आहे तो या जोडनोंदींवरून निघाला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधली गेली. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा कुलाब्याचे चुंबकीय काम थांबलेले होते, पण मालिका तुटली नव्हती. जगातल्या मोजक्या दीर्घ चुंबकीय मालिकांत कुलाबा-अलिबागची गणना होते याचे श्रेय त्या दोन वर्षांच्या दूरदृष्टीला द्यावे लागते. साधन हलवणे सोपे असते. हलवताना जुन्या आणि नव्या नोंदींतला हिशेब जपणे सोपे नसते.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न विमानात गेला. पाण्याखालची पाणबुडी वरून उडणाऱ्या विमानातून हुडकायची, तर ५०,००० नॅनोटेस्लाच्या पार्श्वभूमीवर काही थोड्या नॅनोटेस्लाची खूण ओळखावी लागते. गल्फ ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर व्हॅकियर यांनी त्यासाठी फ्लक्सगेट हा संवेदक घडवला. सहज चुंबकित होणाऱ्या मिश्रधातूचा गाभा प्रत्यावर्ती प्रवाहाने दोन्ही दिशांना पूर्ण भरायचा. बाहेरचे क्षेत्र असले की एका दिशेला तो थोडा आधी भरतो, आणि ही विषमता विजेच्या संकेतात दिसते. या संवेदकातही भरपाई अंगभूत असते : बाहेरचे क्षेत्र बरोबर शून्य होईल एवढा प्रवाह भोवतालच्या वेटोळ्यात सोडतात आणि त्या प्रवाहावरून क्षेत्र मोजतात. गाभा सतत शून्याजवळ राहिल्यामुळे त्याची स्वतःची वाकडी वागणूक मापनात उतरत नाही.

विमानाचे लोखंड मात्र शिल्लकच होते. वॉल्टर टॉल्स आणि त्यांचे सहकारी लॉसन यांनी विमानाच्या चुकीचे तीन गट केले. कायम चुंबकत्व आणि नरम लोखंडाचे तात्पुरते चुंबकत्व हे एअरी-स्मिथ यांच्या परिचयाचे. तिसरा गट नवा होता. विमान झपाट्याने वळते तेव्हा त्याच्या धातूच्या पत्र्यांत पृथ्वीच्या क्षेत्रामुळे भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचे क्षेत्र वळण्याच्या वेगावर ठरते. गोदीत सावकाश फिरणाऱ्या जहाजाला हा त्रास नव्हता. तिन्ही गट मिळून सोळा स्वतंत्र गुणांक येतात. ते काढण्यासाठी विमान चार दिशांना उडवत, प्रत्येक दिशेला ते डावी-उजवीकडे झुकवत, नाक वर-खाली करत आणि शेपूट हलवत. सुरुवातीला भरपाईसाठी संवेदकाजवळ प्रवाहाची वेटोळी, मिश्रधातूच्या पट्ट्या आणि तांब्याची कडी बसवत. पुढे संगणक आले आणि वजाबाकी आकड्यांतच होऊ लागली. नौदलाच्या तक्त्याची रीत अशी शंभर वर्षांनी पुन्हा वर आली. आता ती गैरसोयीची नव्हती, कारण वजाबाकी करणारा माणूस उरला नव्हता. खनिजांच्या शोधासाठी उडणारी विमाने आजही मोजणीआधी हीच कवायत करतात.

अंतराळात मोजायचे क्षेत्र आणखी दुबळे, ग्रहांच्या मधल्या पोकळीत अवघे काही नॅनोटेस्ला. आणि यानाला गोदीत फिरवून आणायची सोय नाही. म्हणून संवेदक लांब दांड्यावर बसवतात. यानाचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की आठवा हिस्सा उरतो. १९७१ साली नॉर्मन नेस आणि सहकाऱ्यांनी सुचवले की एकाच दांड्यावर दोन अंतरांवर दोन संवेदक बसवावेत. बाहेरचे क्षेत्र दोघांना सारखे दिसते, यानाचे मात्र एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी. त्या फरकावरून यानाचा वाटा काढून टाकता येतो. १९७४ मध्ये मरिनर १० ने बुधाचे चुंबकीय क्षेत्र शोधले ते अशा जोडीने. भारताच्या आदित्य-एल१ वरचा सहा मीटरचा दांडा ११ जानेवारी २०२४ रोजी उघडला गेला. त्याच्या तीन मीटरवर एक आणि टोकाला एक असे दोन फ्लक्सगेट आहेत. लांब नेणे आणि वजा करणे, या दोन वाटा तिथे एकत्र आल्या आहेत.

मोबाइलमधल्या होकायंत्राचा संवेदक तांदळाच्या दाण्याएवढा आणि त्याच्यापासून काही मिलिमीटरवर स्पीकरचा चुंबक. फोन सर्व बाजूंनी फिरवला तर शुद्ध संवेदकाचे सगळे आकडे एका गोलाच्या पृष्ठभागावर पडायला हवेत. कायम चुंबकत्वामुळे गोलाचा मध्य सरकतो, नरम धातूमुळे गोल लंबगोल होतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतात तो यासाठी : तेवढ्या हालचालीत आकडे गोळा होतात, मध्य पुन्हा जागेवर आणला जातो आणि लंबगोलाचा गोल केला जातो. फोनला चुंबकाचे झाकण लावले किंवा तो गाडीत ठेवला की ही जुळवणी बिघडते आणि पुन्हा करावी लागते. ‘टेलर’च्या वेळी स्कोर्सबींनी जे सांगितले तेच इथे लागू पडते : भोवतालचे लोखंड बदलले की जुनी भरपाई हीच चूक ठरते.

उपग्रहांवरून दिशा कळत असली तरी जहाजांवरून चुंबकीय होकायंत्र गेलेले नाही. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार विजेवर अवलंबून नसलेले, नीट जुळवलेले होकायंत्र किंवा त्या तोडीचे साधन जहाजावर असावेच लागते. जुळवणी करणारा जाणकार आजही जहाज फिरवून घेतो, चुंबक, गोळे आणि फ्लिंडर्स बार जागच्या जागी बसवतो, आणि त्यानंतर जी अंश-दीड अंशाची चूक उरते तिचा तक्ता सही करून सुकाणूच्या खोलीत लावून जातो.